रजेवरचं पाणी

पौड मागे टाकून गाडी ताम्हिणीच्या दिशेने निघाली आणि मुळशीचं पाणी दिसायला लागलं, की गाडीतल्या कोणीतरी “अहाहा, काय निसर्ग आहे!” असं म्हणायचंच असतं. आमच्याकडे ते काम आत्याकडे आहे. तिने ते चोख बजावलं की पुढचं खातं मेहुण्यांचं. ते आयुष्यभर वीज खात्यात होते आणि निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, वीज सुटली नाही. “आत्या, हा निसर्ग नाही. हे धरण आहे,” असं ते अत्यंत आदराने सांगतात. आत्या म्हणते, “असेना! पाणी तर आहे ना?” या मुद्द्यावर मेहुण्यांकडे उत्तर नसतं, पण माहिती असते.

आणि ती माहिती, खरं सांगायचं तर, ऐकण्यासारखी आहे. मुळा नदीचा जन्मसिद्ध रस्ता पूर्वेकडचा. पुण्याला यायचं, मुठेला भेटायचं, दोघींनी मिळून भीमेला गाठायचं, भीमेने कृष्णेला, आणि सगळ्यांनी मिळून बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीच्या पाठीवर जन्मलेल्या नद्यांचा हा वंशपरंपरागत मार्ग. 1920 च्या दशकात टाटांनी मुळशीला तिला अडवलं, बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आणि घाटाच्या कड्यावरून जाडजूड नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरवलं. 1927 पासून ते पाणी भिऱ्याच्या वीजघरात चक्रं फिरवतंय. ही वीज मुंबईला गेली. पाणी कुंडलिकेत गेलं, आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळालं. म्हणजे ज्या थेंबाने आंध्रची किनारपट्टी बघायची, तो कोरलईचा किल्ला बघून मोकळा. एका किनाऱ्यावरून थेट दुसऱ्या किनाऱ्यावर बदली. सरकारी नोकरीतसुद्धा इतकी लांबची बदली करताना निदान पत्र देतात.

पाण्याला कोणी विचारलं नाही, हे एक वेळ ठीक. माणसांनाही विचारलं नव्हतं. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांच्या भातखाचरांवर ते पाणी चढणार होतं आणि खाचरं सोडायला ते तयार नव्हते. 1921 ते 1924 अशी तीन वर्षं मुळशीचा सत्याग्रह चालला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. धरण झालंच. मेहुणे एरवी मेगावॅटमध्ये बोलतात, पण इथे आले की त्यांचा आवाज खाली येतो आणि ते गाडीची काच थोडी वर करतात. वारा लागतो म्हणून, असं ते म्हणतात.

मग घाट लागतो, आणि त्यांना पुन्हा उमेद येते. कारण पुढची गोष्ट त्यांची सगळ्यात आवडती आहे. भिऱ्याला 1990 च्या दशकात दीडशे मेगावॅटचा आणखी एक संच बसला, आणि त्याचं वैशिष्ट्य असं की तो उलटाही चालतो. विजेची मागणी वाढली की पाणी वरून खाली येतं आणि वीज देतं. मागणी उतरली, मुंबई झोपली, की तीच यंत्रणा पंप होते आणि खालचं पाणी पुन्हा वर मुळशीच्या तलावात चढवते. उद्या परत खाली सोडायला! मेहुणे हे सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कौतुक असतं. मला मात्र त्या पाण्याची दया येते. दिवसभर जो घाट उतरायचा, तोच रात्री अंधारात चढायचा, आणि पुन्हा सकाळी कामावर. बढतीचा प्रश्नच नाही, कारण वरची जागा आणि खालची जागा दोन्ही आधीच भोगून झालेल्या. आत्याने एकदा विचारलं, “मग यात मिळालं काय?” मेहुण्यांनी तिला साठवणूक, कमाल मागणी, तासागणिक दर हे सगळं समजावलं. आत्या म्हणाली, “म्हणजे स्वस्तात घेऊन महागात विकायचं. सरळ सांग ना.”

भिऱ्याहून सुटलेल्या पाण्यालाही लगेच घरी जाता येत नाही. कोलाडला लोक रबरी होड्यांत बसून त्यावर किंचाळत जातात. हा खेळ बहुधा सकाळी असतो, कारण वीजघरातून पाणी सुटलं तरच नदीला उसळी येते. वेळापत्रक बघून खळाळणारी नदी! पुढे रोह्याजवळच्या धाटावला कारखाने आहेत, शेतीचे कालवे आहेत, नळयोजना आहेत. एकूण या खोऱ्यात बेकार पाणी म्हणून नाही. जो थेंब दिसेल त्याला कुठेतरी चिकटवलेलं आहे.

अपवाद एक. भिऱ्याच्या मागे, जंगलात आत, जिथे डोंगरांची घडी मिटत येते तिथे देवकुंड आहे. कुंडलिकेचा उगम तिथला, असं मानतात. तिथे एक धार वरून पडते, खालच्या हिरव्या डोहात नाहीशी होते आणि या पडण्यातून कोणाला एक पैचाही फायदा व्हावा अशी व्यवस्था अजून कोणी केलेली नाही. आम्ही हे बिनकामाचं पाणी बघायला निघालो होतो.

‘जंगलातला, गर्दीपासून दूर, एकांतातला धबधबा’ असं कोणीतरी लिहिलेलं माझ्या पुतणीने वाचलं होतं. गर्दीपासून दूर जायचं असेल तर जिथे गर्दी आहे तिथूनच निघावं लागतं, हा यातला तांत्रिक भाग लिहिणाऱ्याने वगळला होता. रविवारी सकाळी भिऱ्यात पोहोचलो तेव्हा एकांताच्या शोधात आलेल्यांच्या गाड्या शेताच्या बांधापर्यंत लागल्या होत्या. बावधन, कोथरूड, ठाणे, पनवेल. प्रत्येक गाडीतून उतरणारा माणूस बाकीच्यांकडे थोड्या नाराजीने बघत होता, कारण ही जागा फक्त आपल्याला ठाऊक आहे असं त्याला कोणीतरी खात्रीने सांगितलेलं. आम्हीही बघितलं. एकांताचं हे एक अवघड आहे. तो दुसऱ्याने भंग केलेला लगेच कळतो.

गावात नावं लिहून घेतात, डोकी मोजतात, वाटाड्या देतात. हे हवंच. पावसाळ्यात देवकुंडला जायला जिल्हा प्रशासन बंदी घालतं आणि ती हौसेने घातलेली नाही. ओढे अचानक फुगतात, परतीची वाट तुटते. डोह खोल आहे आणि तिथे तरुण पोरांचे जीव गेले आहेत. त्यामुळे शहाण्या माणसाने दिवाळी झाली की जावं. पाऊस संपलेला असतो, धार टिकून असते, ऊन सुसह्य असतं. उन्हाचं भिऱ्यात विशेष महत्त्व आहे. 28 मार्च 2017 ला इथल्या तापमापकाने 46.5 अंश दाखवले आणि हे एवढंसं गाव देशभरच्या बातम्यांत झळकलं. विदर्भाला ओलांडून रायगड जिल्ह्यातलं, चारही बाजूंनी पाणी आणि झाडी असलेलं गाव पहिलं! हवामान खात्यालाच ते पटेना. तापमापकच तपासायला हवा अशी चर्चा झाली. चंद्रपूरच्या लोकांना त्या दिवशी काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आमचा वाटाड्या गावातलाच, कॉलेजात जाणारा मुलगा होता. त्याच्यात एक मोठा दोष होता. तो खरं बोलायचा. डोंगरात वाटाड्याने ‘हे काय, आलंच’ म्हणायचं असतं, मग ते कितीही लांब असो. या श्रद्धेवर महाराष्ट्रातलं अर्धं गिरिभ्रमण उभं आहे. याला विचारलं, “अरे दादा, किती राहिलं?” की हा घड्याळ बघून म्हणे, “तुमच्या चालीनं अजून दीड तास, काका.” ‘तुमच्या चालीनं’ हे दोन शब्द त्याने गाळले असते तरी चाललं असतं. शेवटी हिने मला बजावलं, “अहो, त्याला विचारू नका आता. उगाच सगळं खरं कळतं.”

सुरुवातीची वाट भिऱ्याच्या तलावाच्या कडेकडेने जाते. सपाट, उघडी. डावी-उजवीकडे भाताची कापणी झालेली खाचरं, मागे वळून पाहिलं की डोंगरावरून उतरणारे नळ आणि खाली वीजघर. मेहुणे इतक्या वेळा मागे वळून बघत होते की ते पुढे चालले आहेत की नळांना निरोप देत आहेत हे कळेना. मग झाडी सुरू होते आणि मोबाइलची रेंज जाते. रेंज जाण्याचे फायदे पुष्कळांनी सांगितले आहेत. मनःशांती वगैरे. तोटा कोणी सांगत नाही. तो असा, की माहिती पडताळता येत नाही. रेंज गेल्या क्षणापासून मेहुण्यांना मोकळं रान मिळालं. ऐन, किंजळ, कारवी, उंबर, सगळ्यांची नावं त्यांनी पुतणीला सांगितली. त्यातली काही वाटाड्याने हळूच दुरुस्त केली. कारवी मात्र त्यांनी बरोबर ओळखली. सात वर्षांतून एकदा फुलते हेही सांगितलं. “म्हणजे बाकीची सहा वर्षं काय करते?” पुतणीने विचारलं. तिच्या परीक्षा जवळ आल्या होत्या, प्रश्नात सहानुभूती होती.

वाटेत जागोजागी गावातल्या बाया बसल्या होत्या. लिंबू सरबत, मीठ-तिखट लावलेली काकडी, उकडलेली अंडी. एका ओढ्यावर बांबूंचा साकव होता. खाली पाणी नितळ, गुडघाभर. तिथे एका उंच झाडावरून शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. भीमाशंकरचं शेकरू प्रसिद्ध, पण ते या जंगलातही असतं. ते राज्यप्राणी असल्याची कुठलीच जाणीव त्याच्या वागण्यात नव्हती. एवढ्या हुद्द्यावरचा प्राणी बिनसुरक्षा हिंडतो, याचं आत्याला कौतुक वाटलं.

शेवटचा टप्पा दगडांचा. वाट संपते आणि फक्त धोंडे उरतात, गाडीएवढे, खोलीएवढे, शेवाळलेले. इथे सगळ्यांचं बोलणं थांबलं. थकव्याने थांबलं म्हणा, हरकत नाही. आधी आवाज आला. मग हवेत गारवा आला, चष्म्यावर बारीक तुषार. मग शेवटच्या धोंड्याला वळसा घातला.

तीन बाजूंनी काळा कातळ इतका सरळ वर गेलेला की आपण एखाद्या प्रचंड विहिरीच्या तळाशी उभे आहोत असं वाटावं. वरच्या कडेला झाडांची किनार आणि त्यातून सुटलेली ती धार. ती सरळ पडत नाही. सुटताना एकसंध असते, मग मध्येच हवेत तिची वीण उसवते, वारा आला की ती डावीकडे झुकते, कातळाला घासते, पुन्हा बाहेर येते, आणि खाली डोहापर्यंत येता येता निम्मी तर नुसती धूर झालेली असते. घाई कुठेच नाही. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या गोष्टीला घाई नाही हे म्हणणं चमत्कारिक आहे, पण तुम्ही एकाच थेंबावर नजर ठेवून त्याच्याबरोबर खाली या. वाटेत कुठेतरी तो विचार बदलल्यासारखा रेंगाळतो.

मेहुणे माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, “किती वाया जातंय!”

हा वाया जाण्याचा हिशोब मला त्या दिवशी फार वेळ पुरला. कारण नीट पाहिलं तर या रिकामटेकड्या पाण्याने काही केलंच नाही असं कोण म्हणेल? सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले थर, काही कणखर, काही भुसभुशीत. पाणी मऊ थर पोखरत जातं, वरचा कठीण थर अधांतरी राहतो, मग एखाद्या पावसाळ्यात तो कोसळतो. ते खोलीएवढे धोंडे, ज्यांना शिव्या देत आम्ही चढलो, ते असे खाली आलेले असतात. धार एक पाऊल मागे सरते आणि पुन्हा सुरू. खाली पडणारं पाणी दगडगोटे गरागरा फिरवतं आणि त्यांच्याकडून डोह खोदून घेतं. हे सगळं न मोजता, न नोंदवता. कोणी मागितलेलं नव्हतं, मुदत नव्हती, मस्टरवर सही नव्हती. एवढं मोठं खोदकाम निव्वळ पडता पडता झालं.

माणसाला ते जमत नाही, हे पाहायचं असेल तर डोहाभोवती नजर फिरवावी. आठवडाभर काम करून लोक इथे काहीही न करण्यासाठी आले होते आणि येताच कामाला लागले होते. एकजण बायकोला उजवीकडे सरक, हनुवटी वर कर, हसू नकोस, आता हस, अशा सूचना देत होता. एक गट एकाच उडीचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा करत होता, कारण प्रत्येक वेळी मागे कोणीतरी वेफर खाताना दिसे. मी म्हणतो, त्या माणसाने दुसरीकडे जाऊन खायला काय हरकत होती? पण तो माणूस मेहुणे होते, त्यामुळे मी बोललो नाही. पोहण्याची परवानगी काठाकाठाने, दोराच्या अलीकडे, तीही जाकीट घालून. पाणी इतकं गार की उतरणारा प्रत्येकजण आधी देवाचं नाव घेत होता. पुतणी पाण्यात उतरून बाहेर आली, मग पुन्हा गेली, मग रेंज नसल्याने लगेच कोणाला काही पाठवता येत नाही याचं दुःख करत बसली. मी पिशव्या सांभाळत होतो. पिशव्यांना कोणी हात लावत नव्हतं, तरी सांभाळत होतो.

फक्त आत्या. तिने पातळ थोडं वर खोचलं, एका पसरट दगडावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि बसून राहिली. चाळीस वर्षं शाळेत नोकरी, घरी सासू-सासरे, पाहुणे, पापड-लोणची, दोन पोरींची लग्नं. आयुष्यात ती कधी नुसती बसलेली मी पाहिलेली नव्हती. टीव्ही बघतानाही तिच्या हातात निवडायला काहीतरी असतं. इथे हात मांडीवर आणि तोंड धारेकडे. मी जवळ जाऊन ओरडून विचारलं, “आत्या, पाणी देऊ का प्यायला?” तिने मान हलवली. “काकडी?” पुन्हा मान. मग मला म्हणाली, म्हणजे ओरडलीच, “अरे, जा ना तिकडे!” माझ्या प्रकृतीला पिशव्याच बऱ्या.

वाटाड्याने वेळ झाल्याचं सांगितलं. उतरताना ओढा आमच्या बरोबरच निघाला. आत्ता धबधबा असलेलं पाणी, आता पायाशी बोलत चाललेलं, मध्येच एखाद्या रांजणखळग्यात घुटमळणारं. हे कुठे जातं, हे वेगळं सांगायला नको होतं, पण मेहुण्यांनी सांगितलं. हे भिऱ्याच्या तलावात जातं. म्हणजे तिथे ते मुळशीहून उतरलेल्या नोकरदार पाण्यात मिसळतं, आणि मग त्यालाही सुटका नाही. सकाळच्या होड्या, कालवे, कारखाने, नळ. आणि दैव फुटकं असेल तर एखाद्या रात्री पंपात सापडून वर मुळशीला, आणि दुसऱ्या दिवसापासून कायमची पाळी. ज्या पाण्याचा मुळशीशी काही संबंध नाही, त्याला एके सकाळी पौडच्या रस्त्यावर कोणीतरी ‘अहाहा’ म्हणणार.

जेवण गावातच सांगितलेलं होतं. सकाळी जातानाच ताट किती, भाकरी किती, शाकाहारी कोण, हे विचारून घेतात. शेणाने सारवलेली ओसरी, भिंतीला टेकून पाय पसरायची सोय. तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा, वरून कच्चा कांदा. पहिली पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग मेहुण्यांनी खिशातून पेन काढलं. त्यांनी वाटेत मनातल्या मनात धारेची उंची आणि पाण्याचा अंदाज धरला होता. सरबताच्या बिलामागे गुणाकार करून त्यांनी जाहीर केलं की एक छोटं चक्र बसवलं तर देवकुंडावर हिवाळ्यात या गावाचे दिवे चालतील आणि पावसाळ्यात माणगाव तालुक्याचे.

वाढणाऱ्या मावशींनी भाकरीची टोपली खाली ठेवली. आतून त्यांची सून, कालवणाचं भांडं घेऊन, दारात थांबली. आमचा वाटाड्या त्याच घरातला निघाला होता, तोही ओसरीच्या कडेला जेवायला बसला होता.

“म्हणजे तिथं पण नळ घालणार?” मावशींनी विचारलं.

“नळ लागेल थोडा,” मेहुणे म्हणाले. “मग खाली एक खोली, एक यंत्र. फार नाही.”

“आन् कुंपण?”

“कुंपण लागेलच. सुरक्षेसाठी.”

“मग धार कुठून पडंल?”

मेहुण्यांनी कागदाकडे बघितलं. “धार… नळातून पडेल, मावशी.”

“नळातून पडंल ती बघाय तुम्ही पुण्यावरनं येनार का?” मावशींनी टोपली पुन्हा उचलली. “ह्या पोराचं कॉलेज त्या धारेवर चाललंय. लाकडाच्या पुलापाशी सरबतवाली बसती ना, ती माझी जाव. आज चाळीस ताटं सांगितल्यात. दादा, तुमचा दिवा राहू द्या. भाकरी घ्या अजून.”

मेहुण्यांनी घेतली. आत्याने हात पुढे करून ते बिल त्यांच्याकडून मागून घेतलं, दोनदा घडी घातली आणि आपल्या डुगडुगणाऱ्या पाटाच्या एका पायाखाली सरकवलं.